गावातल्या पाटीसाठी जाड, गोलसर अक्षर: मजकुरापासून भिंतीपर्यंत सगळे टप्पे

यवतमाळ, वर्धा, वाशीम, अमरावती, कोणत्याही जिल्ह्यातल्या तालुक्याच्या रस्त्याने जा. कृषी केंद्र, रसवंती, बचत गटाचं विक्री केंद्र, संत्र्याची रोपवाटिका, सगळ्यांच्या पाटीवर हल्ली जाड आणि गोल टोकांचं अक्षर असतं. निवड चांगली आहे. तरीही एसटीतून उतरलेल्या कास्तकाराला पाटीजवळ जाऊन मान वर करून वाचावं लागतं. 'ध'चं पोट भरलेलं असतं, 'ष' आणि 'प' सारखेच दिसतात, वेलांटी फ्रेमला टेकलेली असते आणि 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द मधेच तुटलेला असतो. बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी रंग आणि फोटो ठरतात, मग फॉन्ट, आणि उरलेल्या जागेत मजकूर कोंबला जातो.

हे अक्षर ओळखायचं कसं? रेषेची जाडी सगळीकडे जवळपास सारखी असते. बोरूने लिहिताना येतो तसा जाड-बारीक फरक त्यात नसतो. वाट्या, म्हणजे अक्षरातले गोल भाग, वर्तुळाच्या जवळ जातात, टोकं गोल असतात. इंग्रजीत अशा घडणीचं अक्षर सोपं जातं, कारण तिथला 'ओ' सरळ वर्तुळच असतो. आपल्याकडे ठ, ट, ढ, व यांना ही घडण लगेच मानवते. क, ण, ष, क्ष, श्र, ज्ञ यांना मानवत नाही, कारण त्यांच्यात कमी जागेत जास्त रेषा आहेत. जाड अक्षर वाचलं जातं ते त्याच्या आतल्या मोकळ्या जागेमुळे, म्हणजे पोटामुळे. पुढचे सगळे टप्पे त्या पोटाची राखण करण्यासाठी आहेत.

## १. हे अक्षर इथे चालेल का, ते आधी ठरवा

चालतं ते थोड्या शब्दांना आणि लांबून वाचायच्या गोष्टींना: दुकानाचं नाव, गावाच्या वेशीवरचा फलक, अंगणवाडीची भिंत, शाळेच्या वर्गखोलीवरचं नाव, बाजारातल्या गाळ्याची पाटी, गुळाच्या किंवा हळदीच्या पाकिटावरचं मोठं नाव.

चालत नाही ते जवळून आणि सावकाश वाचायच्या मजकुराला. ग्रामसभेची सूचना, लाभार्थ्यांची यादी, फवारणीच्या औषधाचं प्रमाण, पाकिटामागचे घटक या सगळ्याला त्याच घराण्यातलं साधं वजन (वजन म्हणजे रेषेची जाडी) किंवा मुक्ता, नोटो सॅन्स या फॉन्टसारखं सरळ अक्षर घ्या. औषधाच्या प्रमाणात जाड गोल १ आणि ९ यांची गल्लत झाली तर ती वावरात महागात पडते. श्रद्धांजलीच्या फलकालाही हे अक्षर घेऊ नका. त्याची गोलाई हसरी असते आणि दुःखाच्या ओळीखाली ती खटकते.

तपासा: पाटीवरचे मोठ्या अक्षरातले शब्द मोजा. पाच-सहाच्या वर गेले तर मजकूर कापा किंवा अक्षर बदला.

## २. मजकूर कागदावर पक्का करा

संगणक सुरू करण्याआधी मजकूर हाताने लिहा आणि तीन थर पाडा. पहिला थर म्हणजे रस्त्यावरून दिसायला हवं ते, उदाहरणार्थ 'कृषी सेवा केंद्र'. दुसरा थर दारात उभं राहून वाचायचा: 'बियाणे, खते, कीटकनाशके'. तिसरा थर जवळ येऊन वाचायचा: परवाना क्रमांक, पत्ता, फोन. जाड गोल अक्षर फक्त पहिल्या थराला. दुसऱ्याला त्याच फॉन्टचं एक-दोन पायऱ्या हलकं वजन आणि तिसऱ्याला साधं वजन.

तिन्ही थर सारखेच जाड ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. सगळंच ओरडायला लागलं की नाव ऐकू येत नाही.

याच वेळी कायद्याचंही बघून घ्या. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि इतर लिपीतलं अक्षर मराठीपेक्षा मोठं असून चालत नाही. संगणकात दोन्ही लिप्यांना सारखाच आकडा दिला म्हणून अक्षरं सारखी उतरत नाहीत. बऱ्याच फॉन्टमध्ये त्याच आकड्याला इंग्रजी मोठी अक्षरं देवनागरीपेक्षा उंच येतात. म्हणून पट्टीने मोजा: मराठीची उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत आणि इंग्रजीची मोठ्या अक्षराची पूर्ण उंची.

तपासा: घरातल्या किंवा शाळेतल्या दोन माणसांकडून शुद्धलेखन वाचून घ्या. 'कृषि' की 'कृषी', 'केंद्र' की 'केन्द्र' हे इथेच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

## ३. युनिकोडमध्ये टाइप करा

तालुक्याच्या बऱ्याच डीटीपी दुकानांत अजून जुन्या फॉन्टची सवय आहे. तिथे टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. तो बालू किंवा पॉपिन्ससारख्या नव्या फॉन्टमध्ये टाकला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मग दुकानदार म्हणतो, "हा फॉन्ट चालत नाही." फॉन्ट चालतो, मजकूर जुन्या पद्धतीचा असतो. युनिकोडमध्ये मराठी अक्षर आतही मराठीच असतं. फोनवर मराठी कीबोर्डने टाइप केलेलं युनिकोडच असतं, त्यामुळे मजकूर स्वतः टाइप करून देणं सगळ्यात सोपं.

टाइप करताना या जागा सांभाळा.

'शेतकऱ्यांसाठी', 'दुसऱ्या', 'ऱ्हास' यांतला अर्धा र वेगळा आहे. तो 'ऱ' ने लिहायचा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची कळ, असा क्रम आहे. साधा र आणि हलन्त टाइप केलं की 'शेतकर्यांसाठी' असा रफार येतो आणि शब्द चुकतो. विदर्भातल्या कृषी फलकांवर सगळ्यात जास्त चुकलेला शब्द बहुधा हाच असेल, आणि तोही ज्याच्यासाठी पाटी लावली त्याचाच.

'ॲग्रो'मधला ॲ एकच अक्षर म्हणून टाका. अ लिहून त्यावर चंद्र वेगळा दिला तर काही फॉन्टमध्ये मधे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

पीडीएफमधून मजकूर उचलू नका. ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरं फुटतात आणि घाईत ते लक्षात येत नाही.

सावधान: जुन्या कोरलमध्ये आणि काही जुन्या प्रोग्रॅममध्ये युनिकोड मराठी बरोबर जुळत नाही. वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, 'क्ट'चे दोन तुकडे होतात. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमधून वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावा लागतो, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक ऑप्शन सुरू करावे लागतात. यातलं काहीच नसेल तर इंकस्केप फुकट मिळतं आणि त्यात मराठी नीट जुळते.

## ४. फॉन्ट निवडा आणि त्याची परीक्षा घ्या

गूगल फॉन्ट्सवरून फुकट आणि परवान्यासह मिळणारे, देवनागरी असलेले काही पर्याय असे.

बालू २: टोकं आणि कोपरे गोल, अंग भरलेलं, वजनं साध्यापासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा. गावातल्या पाटीला पहिला विचार याचाच करावा.

पॉपिन्स: इंडियन टाइप फाउंड्रीचा. घडण खरी भौमितिक, वाट्या वर्तुळाकार, पण टोकं सपाट. वजनं नऊ. बँक मित्र केंद्र, लॅब, शिकवणी वर्ग अशा जागी गोल टोकांपेक्षा हा बरा दिसतो.

मोदक: हाही एक टाइपचा. फार जाड, आतली पोटं अगदी चिरेसारखी. एक-दोन शब्द आणि खूप मोठा आकार असेल तरच घ्या. लांबून वाचायच्या पाटीला नको.

हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. व्यावसायिक पाटीला, पाकिटाला, फ्लेक्सला वापरता येतात. कुठून तरी उचललेल्या चोरीच्या फॉन्टची गरज उरत नाही.

आता परीक्षा. फॉन्टच्या जाहिरातीतली सोपी अक्षरं बघून भुलू नका. आपल्या पाटीचे शब्द आणि त्यासोबत हे चार शब्द सगळ्यात जाड वजनात टाका: ट्रॅक्टर, शेतकऱ्यांसाठी, कृषी, सेंद्रिय.

'ट्रॅक्टर' जवळून बघा. पहिल्या अक्षरात ट च्या गोल पोटाखाली र ची टोपी येते आणि डोक्यावर चंद्र. गोल, जाड घडणीत ही टोपी ट ला चिकटली तर लांबून नुसता डाग दिसतो. चांगल्या फॉन्टमध्ये तिथे रेषा मुद्दाम बारीक केलेली असते. पुढे 'क्ट' आहे. काही फॉन्ट ते उभं रचतात, काही आडवं. आडवी रचना जाड वजनात जास्त मोकळी राहते. उभ्या रचनेत खालचा ट चेपतो. जिथे रेषा कान्याला मिळते तिथेही बघा: जोड थोडा बारीक झाला असेल तर घडवणाऱ्याने काम नीट केलं आहे, आणि जाडी तशीच कान्यात घुसवली असेल तर त्या कोपऱ्यात रंग साचल्यासारखं दिसेल.

'कृषी'मध्ये ष ची तिरपी रेषा बघा. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरली नसेल तर लांबून 'कृपी' वाचलं जाईल. याच कारणाने ध-घ, भ-म, थ-य, ख आणि 'रव' या जोड्या शेजारी शेजारी लिहून बघा.

ल आणि श यांचं रूपही बघा. मराठीत दोन पाकळ्यांचा ल आणि देठयुक्त श रूढ आहे. काही फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाचं रूप दिसतं आणि मजकुराची भाषा मराठी केल्यावर ते बदलतं, काहींत बदलतच नाही. शाळेच्या भिंतीसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण पोरं तेच वळण गिरवतात.

सावधान: फॉन्टमध्ये बोल्ड वजन नसताना प्रोग्रॅममधलं 'बी'चं बटण दाबू नका. संगणक अक्षर चारी बाजूंनी फुगवतो, आतल्या बाजूनेही. पोट तिथेच मरतं. बोल्ड किंवा एक्स्ट्रा बोल्ड अशी खरी फाइल घ्या.

## ५. अंतरावरून उंची काढा

पाटी किती मोठी हवी हे दुकानाच्या रुंदीवरून ठरवतात. ठरवायचं असतं वाचणारा कुठे उभा आहे त्यावरून. पाटीवाल्यांचा सर्वसाधारण ठोकताळा असा: आरामात वाचायला दर १० फुटांना १ इंच अक्षरउंची. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजा, मात्रा-उकार धरू नका. वाचणारा मोटरसायकलवर किंवा गाडीत असेल तर उंची दुप्पट धरा.

उदाहरण घेऊ. दुकान राज्य मार्गाला लागून आहे आणि रस्त्याच्या मध्यापासून पाटी ६० फुटांवर. उभ्या माणसाला ६ इंच पुरतात, गाडीवाल्याला १२ इंच हवेत. पाटी १० फूट बाय ३ फूट, म्हणजे १२० बाय ३६ इंच. 'कृषी सेवा केंद्र' १२ इंच उंचीत जाड गोल अक्षरात लिहिलं तर रुंदी साधारण १०० इंच भरते, फॉन्टप्रमाणे थोडी कमी-जास्त. दोन्ही बाजूंना मिळून २० इंच मोकळे राहतात, ते हवेतच. उंचीत १२ इंच अक्षर, वर वेलांटी-अनुस्वाराला ४-५ इंच, खाली ऋकाराला तेवढेच, मिळून बावीसेक इंच. उरलेल्या चौदामध्ये दुसऱ्या थराची एक ओळ ४ इंच उंचीची बसते. तिसऱ्या थराला जागा नाही. तो शटरशेजारच्या छोट्या पाटीवर न्या.

इथेच लोक अडतात. जागा उरली नाही की नाव लहान करतात. नाव लहान करू नका, तिसरा थर काढा.

तपासा: पायापासून शिरोरेषेपर्यंतच्या उंचीला कान्याच्या जाडीने भागा. उत्तर पाच ते सहाच्या आसपास हवं. चारच्या खाली आलं तर वजन एक पायरी उतरवा.

## ६. मांडणी: ओढू नका, फोडू नका

आडवं-उभं ओढणं. जागेत बसवायला अक्षर एका बाजूने ओढलं की उभ्या आणि आडव्या रेषांची जाडी वेगळी होते, वर्तुळाचं अंडं होतं, गोल टोकं चपटी होतात. दुसऱ्या जातीच्या अक्षरात हे थोडं झाकलं जातं. या अक्षरात सगळी घडणच सारख्या जाडीवर उभी असल्याने लगेच उघडं पडतं. लहान-मोठं करताना कायम कोपऱ्यातूनच धरा.

अक्षरांमधलं अंतर. इंग्रजीत अक्षरं लांब लांब मांडून मोठं नाव करता येतं. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते. हे अंतर शून्यावर ठेवा.

शब्दांमधलं अंतर. शिरोरेषेतली फटच आपल्याकडे शब्द वेगळे करते. जाड वजनात ही फट लांबून बुजते आणि 'कृषी सेवा' हा एकच शब्द वाटतो. दोन शब्दांत निदान एका 'व'एवढी जागा सोडा.

ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. वरच्या ओळीच्या पायापासून खालच्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत खालच्या ओळीच्या अक्षरउंचीएवढी जागा ठेवा. वरच्या ओळीत कृ, द्रु, ट्र असं काही असेल तर अजून थोडी वाढवा.

मजकूर मधोमध ठेवताना प्रोग्रॅमच्या भरवशावर राहू नका. प्रोग्रॅम वेलांट्या-उकार धरून मधला बिंदू काढतो. डोळा शिरोरेषा धरून बघतो. शिरोरेषेपासून पायापर्यंतचा पट्टा हाताने मध्याच्या किंचित वर न्या.

## ७. रंग आणि कडा

गडद निळ्यावर पांढरं, पिवळ्यावर काळं, पांढऱ्यावर गडद हिरवं हे पक्के पर्याय आहेत. लालावर हिरवं किंवा हिरव्यावर लाल टाळा, दोन्ही सारखेच गडद असल्याने कड थरथरते. आपल्याकडच्या उन्हात फ्लेक्सवरचा लाल लवकर उडतो. नाव त्याच रंगात असेल तर दोन उन्हाळ्यांनी नावच फिकं पडलेलं असतं.

गडद पाटीवर पांढरं अक्षर आहे त्यापेक्षा जाड भासतं. तिथे एक्स्ट्रा बोल्डऐवजी बोल्ड घ्या. मागून दिवा लागणाऱ्या पाटीला तर आणखी एक पायरी उतरा, कारण उजेड पसरून पोटात शिरतो.

अक्षराभोवती किनार द्यायचीच असेल तर ती अक्षराच्या मागे जाईल अशी सेटिंग करा. कोरलमध्ये त्याला बिहाइंड फिल म्हणतात. तसं केलं नाही तर किनारीची अर्धी जाडी अक्षराला खाते. किनारीचा रंग अक्षरापेक्षा खूप फिका किंवा खूप गडद हवा. लाल अक्षराला नारिंगी किनार दिली की लांबून दोन्ही मिळून एकच फुगलेला आकार दिसतो. सावली देऊ नका. ती पोटातच पडते.

## ८. छोट्या कागदावर लांबून परीक्षा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात आणि सगळ्यात स्वस्त टप्पा हाच आहे. १० फुटांची पाटी १० इंच रुंद होईल अशी साध्या ए-४ कागदावर छापा. प्रत एक-बारांश झाली. म्हणजे १२० फुटांवरून पाटी जशी दिसेल तसा हा कागद १० फुटांवरून दिसेल आणि ६० फुटांवरचं दृश्य ५ फुटांवरून.

कागद भिंतीला लावा, मागे सरका, डोळे बारीक करा. मग ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशा माणसाला वाचायला सांगा, शक्यतो वयस्कर. "कसं वाटतं?" असं विचारू नका. "काय लिहिलंय?" असं विचारा. तो अडखळला तर कोणत्या अक्षरावर अडखळला ते टिपा आणि चौथ्या टप्प्यावर परत जा.

सावधान: मोबाइलच्या पडद्यावर पाहून मंजुरी देऊ नका. तिथे पाटी हातभर अंतरावर असते आणि मागून उजेडही असतो, त्यामुळे सगळंच छान दिसतं.

## ९. कर्व्ह करा आणि शिरोरेषा वेल्ड करा

मजकूर पक्का झाल्यावरच हे करा, कारण यानंतर शब्द बदलता येत नाही. मूळ फाइल वेगळ्या नावाने जपा.

कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये शिफ्ट-कंट्रोल-सी. मजकुराचे आकार होतात आणि छापणाऱ्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

एवढ्यावर थांबू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. काळ्या रंगात ते दिसत नाही. पण कटिंग प्लॉटरला हे वेगवेगळे आकार दिसतात आणि तो प्रत्येक जोडावर स्टिकर कापतो. चिकटवताना शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. किनार दिली तर प्रत्येक जोडावर उभी रेघ उमटते. म्हणून सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच सलग आकार करा. इंकस्केपमध्ये आधी ग्रुप सोडवा, मग युनियन करा.

वेल्डऐवजी कंबाइन केलं तर जिथे अक्षरं एकमेकांवर चढली आहेत तिथे पांढरी भोकं पडतात. फ्लेक्सवर शिरोरेषेत दर अक्षराला छोटी चौकोनी खिडकी दिसली तर समजा हेच झालंय.

तपासा: रंग काढून फक्त बारीक रेघ ठेवा. एका शब्दाला बाहेरून एकच सलग कड आणि आत फक्त पोटांच्या कडा दिसल्या पाहिजेत. अनुस्वार आणि शिरोरेषेला न टेकलेले चंद्र तेवढे वेगळे असतील.

## १०. माध्यमाप्रमाणे शेवटची तयारी

फ्लेक्स. पीडीएफ द्या, प्रत्यक्ष आकारात. फोटो असेल तर प्रत्यक्ष आकारात १०० डीपीआयच्या आसपास पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता मजकूर पाठवला तर दुकानदार तो स्वतःच्या फॉन्टमध्ये परत टाइप करेल आणि आतापर्यंतची मेहनत वाया जाईल. छापण्याआधी पडद्यावरचा प्रूफ मागा आणि मूळ कागद शेजारी धरून एकेक अक्षर जुळवा. रिंगा दर दीड-दोन फुटांवर मारून घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात फ्लेक्स सैल पडतो आणि झोळ नेमका नावावर येतो.

स्टिकर आणि कापीव अक्षरं. इथे गोल टोकांचा खरा फायदा होतो. टोकदार कोपरा आधी उचलला जातो, गोल टोक जास्त टिकतं. एसीपी (पाटीसाठीचा ॲल्युमिनियमचा पत्रा) किंवा अ‍ॅक्रिलिक राउटरने कापतानाही फिरणारं पातं आतला कोपरा गोलच काढतं, त्यामुळे अक्षर आणि काम जुळतात. लहान पोटं मात्र पात्याच्या जाडीपेक्षा मोठी आहेत ना, ते कापणाऱ्याला विचारून घ्या. शटरवर स्टिकर सकाळी लावा. दुपारी पत्रा इतका तापतो की गोंद लगेच धरतो आणि वाकडं बसलेलं अक्षर सरळ करता येत नाही.

भिंत. चुन्याचा सुटा थर खरवडून काढा, धुवा, वाळू द्या, प्रायमर मारा. चुन्यावर थेट ऑइल पेंट मारला तर पोपडे धरून अक्षरासकट उतरतो. मग रंगवलेली दोरी ताणून चार आडव्या रेघा मारा: वेलांटीची वरची हद्द, शिरोरेषा, अक्षराचा पाय, उकाराची खालची हद्द. बहुतेक ठिकाणी दोनच रेघा मारतात आणि म्हणून वेलांट्या खिडकीच्या छज्ज्याला जाऊन भिडतात.

अक्षर भिंतीवर न्यायचं तर खऱ्या आकारात कागदावर तुकड्यातुकड्यांनी छापा, कडेने सुईने भोकं पाडा, भिंतीला चिकटवा आणि कापडाच्या पुरचुंडीत गेरूची पूड घेऊन वरून थापटा. ठिपके उमटतात, ते जोडा. पेंटर हाताने आखणार असेल तर रेषेच्या जाडीएवढं एक गोल झाकण द्या. प्रत्येक टोकावर तेच टेकवून गोलाई काढली की सगळी टोकं सारखी येतात. हातावर सोडलं तर पहिलं टोक गोल, पाचवं चौकोनी आणि दहावं टोकदार होतं.

भरायचा क्रम: आधी काने, मग वाट्या, मग मात्रा-उकार आणि शिरोरेषा शेवटी. वाट्या भरताना बाहेरची कड आधी काढा, आत जपून जा. ब्रश आत सरकला तर पोट लहान होतं आणि पार्श्वभूमीचा रंग लावून ते दुरुस्त करताना कड खराब होते. पोट कान्याच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा अरुंद होऊ देऊ नका. मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि गोल कड ओढल्यासारखी खरबरीत येते.

## ११. पाटी चढवण्याआधी आणि नंतर

पाटी जमिनीवर असतानाच मजकूर शेवटचा वाचा, फोन नंबर लावून बघा आणि परवाना क्रमांक मूळ कागदाशी जुळवा. चढवल्यावर रस्त्यापलीकडे जा आणि सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघा. पश्चिमेकडे तोंड असलेली पाटी संध्याकाळच्या उन्हात चमकते. तसं असेल तर वरची कड दोन-तीन इंच पुढे झुकवा.

नंतर एका फोल्डरमध्ये मूळ फाइल, वेल्ड केलेली फाइल, फॉन्टची फाइल आणि एक छोटी नोंद ठेवा: फॉन्टचं नाव व वजन, अक्षराची उंची इंचात, रंगांचे आकडे. पेनड्राइव्हवर एक प्रत आणि स्वतःच्या ईमेलवर एक. पुढच्या वेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, बिलबुकावर किंवा दुसऱ्या गावच्या शाखेवर नाव घालायचं असेल तेव्हा पाटीचा फोटो काढून दुकानदाराला पाठवू नका, हा फोल्डर द्या.